बदली मिळालेली कंपनीची गाडी, एकच चावी आणि सारखा येणारा ‘चावी सापडली नाही’ संदेश

कराराची मुदत संपली म्हणून जुनी गाडी परत गेली आणि तिच्या जागी कंपनीने दुसरी दिली. कोरी नव्हे, ताफ्यातलीच. आधी कुणीतरी वापरलेली, मग बराच काळ आवारात उभी राहिलेली. सोबत चावी एकच. दुसरी कुठे आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं: “असेल कुणाकडे तरी, बघून सांगतो.” गाडी हातात आल्यापासून अधूनमधून डॅशबोर्डवर एक ओळ उमटायची, चावी सापडली नाही. कधी स्टार्टचं बटण दाबल्यावर, तर कधी चक्क चालत्या गाडीत, टिंग करून. पुन्हा दाबलं की गाडी मुकाट सुरू. मग काही दिवस शांतता, आणि परत तेच.

असल्या येत्या-जात्या बिघाडाचा खरा वैताग म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या दारात गाडी शहाण्यासारखी वागते. त्यांच्या मशीनवर काही दिसत नाही आणि “सेल बदलून बघा” एवढं ऐकून आपण परत येतो. सेल बदलणं चूक नाही, पण तेवढ्याने प्रश्न सुटेलच असं नाही. ज्यांना अशी गाडी मिळाली आहे त्यांना माझं पहिलं सांगणं: बाकी काही करायच्या आधी दुसऱ्या चावीच्या मागे लागा. ती हरवण्याच्या भीतीपोटी लागते हे झालंच, पण त्याआधी ती तपासणीचं हत्यार आहे. एकच चावी असेल तर दोष चावीत आहे की गाडीत, हे घरबसल्या खात्रीने ठरवता येत नाही. दोन असल्या की निम्मं काम झालंच.

एका कवचात चार गोष्टी

खिशातच ठेवायच्या या चावीत चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि त्या एकेकट्या बिघडू शकतात. गोंधळ होतो तो इथेच.

पहिली म्हणजे आत सरकवलेलं धातूचं पातं. ते दाराचं कुलूप उघडतं, बस. दुसरी इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची, चिप. तिला सेल लागत नाही. गाडीतली कॉइल तिला अगदी जवळून ऊर्जा देते आणि चिप आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिन सुरू होतं. तिसरी गोष्ट बटणांचा रिमोट. बटण दाबलं की ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, काही देशांत ३१५ मेगाहर्ट्झवर, संदेश जातो. चौथी म्हणजे गाडीचा संदेश ऐकणारा रिसीव्हर. आपण हँडलला हात लावला किंवा स्टार्ट दाबलं की दारातले, कन्सोलमधले, डिकीजवळचे अँटेना कमी फ्रीक्वेन्सीवर, बहुतेक मॉडेलांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, साद घालतात. चावी ती ऐकते आणि रिमोटच्याच फ्रीक्वेन्सीवर उत्तर देते. गाडी कानाशी येऊन कुजबुजते आणि चावी मात्र मोठ्याने ओ देते, असा हा प्रकार. कुजबुज मुद्दामच हळू ठेवलेली असते, कारण चावीवाला माणूस गाडीजवळ आहे, गाडीच्या आत आहे की लांब आहे, हे गाडीला त्यावरून कळतं.

म्हणून ‘बटणं तर चालतायत, म्हणजे चावी ठीक आहे’ हे अनुमान लटकं आहे. बटणं चालली म्हणजे चावीला ओ देता येते एवढंच सिद्ध झालं. तिला साद ऐकू येते का, हा प्रश्न तसाच राहतो.

दोन चाचण्या, कुठलंही यंत्र न लागणाऱ्या

पहिली चाचणी. संदेश आल्या आल्या, काहीही न हलवता, चावीचं लॉक-अनलॉक बटण दाबून पाहायचं. दारं लागली-उघडली तर सेल बहुधा तग धरून आहे आणि अडचण साद ऐकण्यात आहे. दारं हललीच नाहीत तर आधी सेल, मग सेलचे संपर्क.

दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. सेल पूर्ण संपला तरी गाडी सुरू व्हावी म्हणून प्रत्येक कंपनीने एक आडवाट ठेवलेली असते. चावी एका ठरावीक जागी टेकवायची, ब्रेक दाबायचा आणि स्टार्ट दाबायचं. ती जागा काही गाड्यांत स्टार्ट बटणच असते, काहींत स्टिअरिंगच्या खांबावर खूण असते, काहींत कन्सोलच्या कप्प्यात किंवा कपहोल्डरच्या तळाशी. पुस्तिकेत ‘चावीचा सेल संपल्यास’ या मथळ्याखाली सापडेल. गाडी उभी असताना, निवांतपणे, ही जागा एकदा शोधून ठेवा. भर रस्त्यात मागचे हॉर्न वाजवत असताना पुस्तिका वाचायची वेळ येऊ नये.

या चाचणीचा अर्थ असा: टेकवल्यावर गाडी सुरू झाली तर चिप ठीक, ती गाडीत नोंदलेली आहे आणि इमोबिलायझरही ठीक. म्हणजे दोष सेल, रिसीव्हर किंवा आसपासच्या अडथळ्यात. टेकवूनही झाली नाही तर प्रकरण वेगळं आहे. चिप फुटली असेल, ती वाचणारी कॉइल बिघडली असेल, किंवा ती चावी त्या गाडीच्या यादीतच नसेल. ही शेवटची शक्यता फारसं कुणी लक्षात घेत नाही. माझ्या गाडीच्या दुसऱ्या चावीचं नेमकं तेच निघालं, त्याबद्दल पुढे.

सेल: आकड्यांकडे नीट पाहा

चावी उघडली आणि आत सीआर२०२५ निघाला. कप्प्याच्या तळाशी प्लास्टिकवर मात्र बारीक अक्षरांत सीआर२०३२ कोरलेलं. दोन्ही ३ व्होल्टचे, दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर, त्यामुळे बसतात सारखेच. फरक जाडीत आहे: नावातले शेवटचे दोन आकडे म्हणजे मिलिमीटरचे दशांश, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर आणि २५ म्हणजे २.५. त्या ०.७ मिलिमीटरच्या पोकळीमुळे सेल आत सैल बसतो, स्प्रिंगची पट्टी कधी टेकते, कधी नाही. चावी कानाजवळ हलवली तर अगदी बारीक टकटक ऐकू येत होती. आधीच्या कुणीतरी घाईत हाताला लागला तो सेल घातला असणार. येत्या-जात्या बिघाडाचं याहून चांगलं कारण शोधून सापडायचं नाही.

जाड सेल पातळ कप्प्यात कोंबणं त्याहून वाईट. पट्टी वाकते, आणि मग योग्य सेल घातला तरी नीट टेकत नाही. वाकलेली पट्टी प्लास्टिकच्या चिमट्याने हलकेच वर उचलायची, उगाच पक्कड घेऊन बसू नये.

मल्टिमीटर असेल तर जरूर लावा, पण आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. लिथियमचे हे सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपासच दाखवतात. काम पडलं, म्हणजे चावीने ओ दिली, की त्या क्षणी व्होल्टेज घसरतं, आणि थंडीत जास्तच. नवा सेल ३ च्या थोडा वर असतो. २.८ च्या खाली दिसला तर विचार न करता बदला. आणखी एक बारकावा: लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून हल्ली काही सेलना कडू थर दिलेला असतो. काही उपकरणांत त्या थरामुळे संपर्क नीट होत नाही. नवा सेल घालूनही फरक पडला नाही तर थर नसलेला एक सेल घालून पाहणं स्वस्तातलं आहे. सेल घालताना दोन्ही बाजूंना बोटांचे ठसे उमटवू नका, कडेने धरा.

चावी भिजलेली असेल तर बोर्डावर हिरवट-पांढरी पूड दिसते. पडलेली असेल तर सेलच्या पट्टीच्या सोल्डरच्या टाक्याला तडा गेलेला असतो, तो भिंगाशिवाय दिसत नाही. अशा वेळी बटण दाबताना चावी किंचित पिळून पाहा. पिळल्यावर चालली आणि सोडल्यावर बंद पडली तर कवच बदलून उपयोग नाही, टाका पुन्हा मारावा लागेल.

मोबाइलचं पॅड

योग्य सेल घातल्यावर स्टार्टच्या वेळचा संदेश जवळजवळ थांबला. चालत्या गाडीतला टिंग मात्र चालूच होता. मग मी एक गोष्ट केली, जी कुणालाही जमेल: संदेश आला की चावी कुठे होती आणि शेजारी काय होतं, हे लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं. थोड्याच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. चावी कन्सोलच्या पुढच्या ट्रेमध्ये आणि तिला लागून मोबाइल बिनतारी चार्जिंगच्या पॅडवर, असं असलं तरच संदेश. चावी खिशात, तर एकदाही नाही.

यामागे साधं कारण आहे. क्यूआय पद्धतीचं बिनतारी चार्जिंग साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि गाडीची साद १२५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे पॅड ज्या पट्ट्यात गोंगाट करतं, त्याच पट्ट्यात चावीला कान द्यायचा असतो. गाडी बनवणारे हे जाणून असतात आणि बऱ्याच गाड्या साद घालताना पॅड क्षणभर बंद करतात, पण बाजारातून आणून चिकटवलेलं पॅड असलं सौजन्य दाखवत नाही. माझ्या गाडीतलं पॅड असंच मागाहून बसवलेलं होतं. सिगारेट लायटरच्या जागी खुपसलेले हलके चार्जर, डॅशकॅम, एलईडीच्या पट्ट्या यांचाही त्रास होतो, मात्र तो बहुधा दुसऱ्या टोकाला, रिमोटच्या फ्रीक्वेन्सीवर. एकेक उपकरण काढून पाहणं हाच उपाय. सगळं एकदम काढलं तर दोषी कोण ते कळत नाही.

जागांचंही लक्षात ठेवा. डॅशबोर्डच्या वर काचेजवळ, दाराच्या खणात, जमिनीवर, ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलेली चावी गाडीला सापडेलच असं नाही. पुस्तिकांत तसं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या बॅगेत, धातूच्या डबीशेजारी, नाण्यांच्या बटव्यात, तेच. आणि चालत्या गाडीत संदेश आला म्हणून घाबरून जाऊ नका. चावी हरवल्याचं गाडीला वाटलं तरी ती चालतं इंजिन बंद करत नाही, फक्त एकदा बंद केलं की पुन्हा सुरू होऊ देत नाही. ताफ्यातल्या गाड्यांत याचा वेगळाच घोळ होतो. सहकारी गाडी चालवत येतो, चावी खिशात ठेवूनच उतरून जातो, आपण सीटवर बसून निघतो. टिंगकडे लक्ष दिलं नाही तर पुढे जिथे गाडी बंद करू तिथेच अडकणार.

दोन गोष्टी बिघाड नसूनही बिघाडासारख्या दिसतात. टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलांत लॉक बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी सेल वाचवण्याच्या अवस्थेत जाते. तेव्हा हँडलला हात लावून दार उघडत नाही, चावीचं कुठलंही बटण दाबलं की ती जागी होते. बटणं असलेली चावी बॅगेत दाबली गेली की हे नकळतही होऊ शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या चाव्या. चोर चावीचा सिग्नल लांबवरून पुढे पोहोचवून गाडी पळवतात, त्याला आळा म्हणून फोर्डने २०१९ मध्ये फिएस्टा आणि फोकसच्या चाव्यांत सेन्सर घातला. चावी थोडा वेळ स्थिर राहिली की ती झोपते, उचलली की जागी होते. टेबलावर ठेवलेल्या अशा चावीने चाचणी घेतली तर निकाल चुकणारच.

गाडी कशी आहे, हेही सांगते

जुन्या गाडीपेक्षा उंच बसायला मिळतं आणि स्टिअरिंग इतकं हलकं आहे की सुरुवातीला प्रत्येक वळणावर हात जास्तच फिरायचा. ऑटो-होल्ड म्हणजे वरदान आहे. सिग्नलला पाय ब्रेकवर दाबून बसावं लागत नाही. रस्त्यावरची लेन सोडल्यावर स्टिअरिंग ओढणारी यंत्रणा मात्र मला आवडलेली नाही. बंद केली तरी गाडी पुढच्या वेळी सुरू केली की ती परत चालू, आणि अरुंद रस्त्यावर कडेच्या रेघेला भिऊन हात खेचते. डिकी खोल आहे पण ओठ उंच, जड सामान उचलून आत टाकताना कंबर बोलते. मागचं दिसणं जुन्या गाडीत बरं होतं. इथे मागचा खांब जाड, म्हणून कॅमेऱ्यावर भिस्त ठेवावी लागते, आणि कॅमेऱ्यावर चिखल बसला की तीही नाही.

बराच काळ उभी राहिलेली गाडी घेतली असेल तर तिची १२ व्होल्टची बॅटरी मोजून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवं. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. अशक्त बॅटरीमुळे स्टार्टच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि काही गाड्या बिचाऱ्या चावीलाच दोष देतात. मी चार्जर लावून ती आधी पूर्ण भरून घेतली, म्हणजे एक शंका कमी.

दुसरी चावी: आली, पण गाडीने ओळखलीच नाही

पाठपुराव्यानंतर ताफा सांभाळणाऱ्यांच्या खणातून दुसरी चावी निघाली, लिफाफ्यात, गाडीचा नंबर लिहिलेली. नवा सेल घातला. बटणं दाबली, काही नाही. पातं बाहेर काढून हँडलमध्ये घातलं, दार सुरळीत उघडलं. म्हणजे चावी याच गाडीची, यात शंका नाही. पण स्टार्टच्या जागी टेकवली तरी गाडी ढिम्म.

दार उघडतं पण गाडी ओळखत नाही, हे लक्षण जवळजवळ एकाच दिशेला बोट दाखवतं: ती चावी यादीतून काढली गेली आहे. असं होतं कसं? बऱ्याच गाड्यांत नवी चावी नोंदवताना सगळ्या चाव्या एकदम नव्याने नोंदवाव्या लागतात. त्या वेळी जी हजर नसेल ती आपोआप बाद होते. कुणीतरी चावी हरवली म्हणून कळवतं, नवी बनवली जाते, हरवलेली बाद होते (सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच), आणि मग ती हरवलेली कोटाच्या खिशात सापडते. ती लिफाफ्यात जाते, लिफाफा खणात, आणि कागदावर ‘चाव्या: २’ असं दिमाखात राहतं.

याची खात्री करणं सोपं आहे. सर्व्हिस सेंटरला एवढंच विचारा: गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत? निदान यंत्रावर हा आकडा दिसतो, काही गाड्यांत तर डॅशबोर्डच्या मेनूतही. माझ्या गाडीने १ सांगितला. कुठल्याही बदली गाडीसाठी हा प्रश्न विचारावाच, कारण आकडा उलटाही असू शकतो. हातात दोन चाव्या आणि गाडी म्हणते तीन, तर तिसरी कुणाच्या तरी खिशात आहे आणि ती चालू आहे.

त्याच गाडीची बाद झालेली मूळ चावी बहुतेक वेळा पुन्हा नोंदवता येते. दुसऱ्या गाडीची वापरलेली चावी स्वस्तात मिळते म्हणून घ्यायच्या फंदात पडू नका. आजकालच्या कितीतरी चाव्या एकदा एका गाडीला बांधल्या की दुसऱ्या गाडीला लागत नाहीत.

नोंदणीसाठी जाताना हाताशी असलेली प्रत्येक चावी सोबत न्या. एक घरी राहिली तर तीच बाद व्हायची. काम चालू असताना गाडीला बॅटरी सपोर्ट लावतात ना, हे पाहा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नोंदणी अर्धवट राहते. आणि सगळ्यात वेळखाऊ भाग: कागद. गाडी आपल्या नावावर नसते. ती कंपनीची किंवा कराराने गाड्या देणाऱ्या संस्थेची असते आणि सर्व्हिस सेंटर फक्त मालकाचं ऐकतं. ऐकायलाच हवं, नाहीतर गाडी दोन दिवस वापरायला घेणारा कुणीही चावी बनवून घेईल. नोंदणीपत्राची प्रत, मालकाचं अधिकारपत्र, आपलं ओळखपत्र आणि १७ अक्षर-अंकांचा चॅसी नंबर एवढं आधी जमवा. अधिकारपत्रात ‘गाडीचं काम’ असं मोघम न लिहिता ‘चावीची नोंदणी’ असं स्पष्ट लिहून घ्या. माझी एक फेरी केवळ या शब्दांपायी वाया गेली.

मूळ दुसरी चावी सापडलीच नाही तर नवी मागवावी लागते. ती चॅसी नंबरावरून, पातं कापून, येते, म्हणून दुकानातून विकत आणल्यासारखी लगेच मिळत नाही. तोवर निदान चिप नसलेलं साधं पातं कापून घ्या. गाडी सुरू होणार नाही, पण चावी आत राहून दारं लागली तर काच फोडायची पाळी येणार नाही. अशा पात्याने दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, दचकू नका.

सगळ्याच चाव्या हरवल्या असतील तर खर्च आणि वेळ दोन्ही वेगळ्या पातळीवर जातात. काही मॉडेलांत इमोबिलायझरचं युनिटच बदलावं किंवा नव्याने जुळवावं लागतं. ‘एक आहे ना, चालतंय की’ म्हणणाऱ्या ताफा विभागाला हे वाक्य ईमेलमध्ये लिहून पाठवा. माझं काम त्यानंतरच हललं. गाडी परत देताना चाव्या मोजून घेतात आणि कमी भरली तर पैसे लागतात, त्यामुळे ताब्यात घेतानाच्या कागदावर ‘१ चावी मिळाली’ असं लिहून सही घेणं आपल्याच फायद्याचं.

दोन्ही चाव्या नोंदल्या गेल्यावर पहिल्यांदा दुसरीने दार उघडलं, तर सीट सरसर मागे गेली आणि आरसे आकाशाकडे वळले. कुणा लांब पायांच्या माणसाची मांडणी त्या चावीसाठी साठवलेली होती. म्हणजे चावी यादीतून काढलेली असली तरी तिचं ड्रायव्हर प्रोफाइल जिवंत होतं. तेव्हाच सुचलं आणि सेटिंग्ज तपासली: आधीच्या वापरकर्त्याचा मोबाइल जोडलेला, नॅव्हिगेशनमध्ये त्याच्या घराचा पत्ता, आणि गाडीच्या अॅपमध्ये मुख्य वापरकर्ता म्हणून तोच. त्या अॅपवरून गाडी कुठे आहे ते दिसतं आणि दारंही उघडता येतात. प्लास्टिकची चावी शोधत बसलो होतो आणि न दिसणारी एक चावी बाहेर फिरतच होती. मल्टिमीडिया सिस्टिम फॅक्टरी रीसेट केली, तरी अॅपचं खातं तेवढ्याने तुटेलच असं नाही. मुख्य वापरकर्ता बदलल्याचा संदेश आपल्याला आला पाहिजे. मोबाइलमधली डिजिटल चावी चालणारी गाडी असेल तर त्या यादीतली जुनी नावंही काढा. काही फोर्ड गाड्यांत ‘मायकी’ नावाची सोय असते, तिने विशिष्ट चावीवर वेगाची आणि आवाजाची मर्यादा घालता येते. ती काढायला मर्यादा नसलेली चावीच लागते, म्हणून हाती मर्यादेची चावी आली असेल तर दुसरीशिवाय गत्यंतर नाही.

आता दोन चाव्या आहेत, तर

एका कडीत दोन्ही ठेवू नका. ताफ्यातल्या गाड्यांच्या दोन्ही चाव्या पोलादी तारेने एकत्र बांधून देण्याची पद्धत आहे. हरवल्या तर दोन्ही एकदम हरवतात, शिवाय टेकवून सुरू करताना दोन चिप शेजारी आल्या की गाडी गोंधळते. तार कापायची परवानगी घेऊन कापा.

जादा चावी गाडीत ठेवू नका आणि गाडीपासून दोन-चार हातांवर, दाराजवळच्या खुंटीलाही नको. तिथे चावी आणि गाडी सारखी एकमेकींना जागवत राहतात आणि दोघींचीही ताकद वाया जाते. धातूच्या डब्यात ठेवणार असाल तर चाचणी घ्या: डबा हातात घेऊन दाराशी उभं राहायचं आणि हँडल ओढायचं. दार उघडलं तर डबा कुचकामी. अधूनमधून चाव्यांची अदलाबदल करा, म्हणजे पडून राहिलेल्या चावीचा सेल ऐनवेळी दगा देणार नाही.

आणि इतकं करूनही संदेश येत राहिला, तोही दोन्ही चाव्यांनी, पॅड बंद असताना, नव्या सेलसह, तर चावीचा नाद सोडा. दोष गाडीत आहे. तो शोधायला एक छोटा नकाशा करा: चावी हातात धरून चालकाच्या दारापाशी, शेजारच्या दारापाशी, डिकीपाशी उभं राहा, हँडलला हात लावा आणि कुठे उघडलं, कुठे नाही ते लिहा. मग आत बसून चावी पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर, कन्सोलमध्ये ठेवून स्टार्ट दाबून पाहा. एकाच जागी सतत अडत असेल तर त्या जागेचा अँटेना किंवा त्याची वायर तपासायला सांगा. दाराची वायर असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत ती वाकून वाकून तुटते, दार उघड-मीट करत असताना तपासायला लावा. चाचणीचा कागद सर्व्हिस सल्लागाराच्या हातात द्या आणि त्याची प्रत ताफा विभागाला पाठवा. माझ्या गाडीला त्याची गरज पडली नाही. पॅड काढून परत केलं, मोबाइल आता केबलने चार्ज होतो, आणि चावी ट्रेमध्येच असते.